तेव्हाचा मी, आताचा मी

जळगाव जिल्ह्यातली तीन गावं: पारोळा, अमळनेर आणि यावल तालुक्यातलं सांगवी. पारोळ्यात ८ मार्च १८६४ रोजी हरि नारायण आपटे जन्मले. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं साने गुरुजींनी मुलांना शिकवलं, त्यांचं वसतिगृह सांभाळलं. सांगवीत १९३८ साली भालचंद्र नेमाडे जन्मले. मराठी वाचकाच्या मनात घर करून राहिलेली तीन पात्रं या तिघांनी दिली. आपट्यांची यमू, गुरुजींचा श्याम आणि नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर.

तिन्ही कादंबऱ्या एकमेकींपासून बऱ्याच लांबच्या. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. नेमाड्यांची ‘कोसला’ आली १९६३ साली, म्हणजे मध्ये सत्तरहून अधिक वर्षं गेली. आपट्यांचं पुढचं सगळं आयुष्य पुण्या-मुंबईकडचं आणि त्यांची यमूही तिकडचीच. ‘श्यामची आई’तला श्याम कोकणातला. अस्सल खानदेशी मातीतला म्हणावा असा एकटा पांडुरंग, जो आपलं गाव आडनावातच घेऊन फिरतो. तरीही एका बाबतीत ही तिघं सख्खी भावंडं शोभतात. तिघंही आपली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतात, आणि सांगता सांगता आपण कसे बदललो हे वाचकाला दिसू देतात.

कादंबरीतला नायक किंवा नायिका बदलते म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला ही तीन पुस्तकं पुरेशी आहेत.

दैव बदलणं वेगळं, माणूस बदलणं वेगळं

कथेत पुष्कळ गोष्टी बदलत असतात. गरीब श्रीमंत होतो, ताटातूट झालेल्यांची भेट होते, राजाचं राज्य जातं आणि परत मिळतं. पण हे सगळे बदल दैवाचे झाले. माणूस आतून तसाच राहून त्याच्यावर हे सगळं येऊन जाऊ शकतं. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक ठिकाणी तसंच घडत होतं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांतली सद्गुणी नायिका पहिल्या पानावर जितकी सद्गुणी, तितकीच शेवटच्या पानावर. मधली संकटं येतात ती तिची परीक्षा घ्यायला. तिच्या स्वभावावर त्यांचा ओरखडासुद्धा उठत नाही.

या अद्भुताच्या वाटेची आणि वास्तवाच्या वाटेची झाडाझडती इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या आपल्या दीर्घ निबंधात घेतली होती. तो निबंध १९०२ चा. राजवाड्यांचं शेवटचं वास्तव्य धुळ्यात होतं. तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. दप्तरं धुंडाळण्यात हयात घालवलेल्या या माणसाला कादंबरीबद्दल इतक्या पोटतिडकीने लिहावंसं वाटलं, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. पण तो धागा सरळ आहे. कागदपत्रांतून खरा माणूस शोधणाऱ्याला कादंबरीतही खरा माणूस हवा होता.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली व्याख्यानांतून पात्रांचे दोन प्रकार सांगितले. काही पात्रं सपाट असतात. त्यांचं वर्णन एका वाक्यात संपतं आणि ती पुन्हा भेटली तरी त्याच वाक्यात बसतात. काही पात्रं गोलाकार असतात. ती अनपेक्षित वागतात, तरीही आपल्याला ते पटतं. स्वभाव खरोखर बदलला का, हे तपासायलाही यातूनच एक साधी कसोटी हाती येते. पात्रावर एकाच प्रकारचा प्रसंग दोनदा आला, तर दुसऱ्या वेळी ते पहिल्यासारखंच वागतं का? वागणं निराळं झालं आणि ते का झालं हे मधल्या पानांनी पटवून दिलं, तर माणूस बदलला म्हणायला हरकत नाही.

यमू: शिकत गेली म्हणून दुःख दिसलं

‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहायला घेतली तेव्हा आपटे पंचविशी नुकती ओलांडलेले होते. एका पुरुषाने एका ब्राह्मण विधवेच्या तोंडून तिचं आत्मचरित्र वदवून घ्यावं, हे त्या काळात मोठं धाडस होतं. कादंबरीच्या सुरुवातीची यमू अजाण पोर आहे. घरात मोठी माणसं जे करतात ते तिला सूर्य उगवण्याइतकं स्वाभाविक वाटतं. पुरुषांनी हुकूम सोडायचे आणि बायकांनी ते झेलायचे, हा नियम कुणी केला असा प्रश्नही तिच्या डोक्यात येत नाही.

पुढे लग्न होतं. नवरा रघुनाथराव सुधारक विचारांचा, तो तिला लिहा-वाचायला शिकवतो. मुंबईच्या बिऱ्हाडात दोघांना मोकळी हवा मिळते. इथे यमूच्या बोलण्यात फरक पडू लागतो. आधी ती फक्त काय घडलं ते सांगते, आता ते तसं का घडलं याचा विचार करते. मैत्रीण दुर्गीचे हाल तिने पूर्वीही पाहिलेले असतात. पण पूर्वी ते दुर्गीच्या नशिबाचे भोग होते. शिकलेल्या यमूला त्यामागे माणसं दिसतात, त्यांची सत्ता दिसते.

मग नवरा जातो, आणि ज्या घराने तिला वाढवलं त्याच जगाच्या तावडीत ती पुन्हा सापडते. शंकरमामंजींसारखी माणसं तिचं सक्तीने केशवपन करवतात. प्रसंगाची जात जुनीच आहे. घरातल्या पुरुषाने ठरवायचं आणि बाईने सोसायचं. लहानपणच्या यमूने हे निमूट सोसलं असतं, कारण दुसरं काही असू शकतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आताच्या यमूला ठाऊक आहे. तिची परिस्थिती मागे फिरली, पण समज मागे फिरू शकत नाही. वाचकाच्या काळजाला घरं पडतात ती यामुळे. ती अडाणी राहिली असती, तर हाल तेवढेच झाले असते, पण त्यांचा अर्थ तिला कळला नसता.

आपट्यांनी साधलेली किमया निवेदनात आहे. ‘तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही’ अशा अर्थाचं मोठेपणची यमू लहानपणच्या यमूबद्दल बोलते, तेव्हा दोन यमू एकाच वेळी आपल्यासमोर असतात. केळीच्या बागेत रोज पाणी धरणाऱ्याला झाड वाढताना दिसत नाही, पण दोन महिन्यांनी गावी आलेल्याला चटकन दिसतं. आत्मकथनात सांगणारा हा असा दोन महिन्यांनी, खरं तर वीस वर्षांनी, आपल्याच गावी परतलेला असतो.

श्याम: लाज कशाची वाटावी

साने गुरुजी १९३० साली शाळेची नोकरी सोडून कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते शब्द टिपून घेत. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळातली ती अठरा प्रवचनं पुढे ‘गीता प्रवचने’ म्हणून घराघरांत पोचली. त्यानंतर वर्षही उलटलं नाही, तोच १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली. या पुस्तकाची घडणही बोलण्याचीच आहे. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम बोलतो आणि मित्र ऐकतात. अशा बेचाळीस रात्री. धुळ्याच्या तुरुंगात महिनोन्‌महिने दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवलेल्या हाताला बोलण्याची लय सापडली होती, असं हे पुस्तक वाचताना वाटत राहतं.

श्याम म्हटलं की मातृभक्त, हळवा, सद्गुणी मुलगा डोळ्यांसमोर येतो. पुस्तक उघडून पाहिलं तर श्याम तसा नाही. तो भित्रा आहे, हट्टी आहे, पोहायला जायचं म्हणून लपून बसतो, पुस्तकांच्या मोहाने पैसे चोरतो. आणि त्याच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: लोक काय म्हणतील.

पहिल्याच रात्रीचा प्रसंग पाहा. आई तापाने अशक्त झाली आहे. वटसावित्रीचं व्रत चालू आहे, पण वडाला प्रदक्षिणा घालायची ताकद तिच्यात नाही. ती श्यामला आपल्या वतीने प्रदक्षिणा घालायला सांगते. श्याम कां-कूं करतो. वडापाशी सगळ्या बायका असणार, त्या हसणार, शाळेत मुलं चिडवणार. आई रागावत नाही. आईचं काम करण्यात लाज कसली, लाज वाटावी ती वाईट वागताना, एवढंच ती त्याला समजावते. श्याम जातो.

पुढे बऱ्याच रात्रींनंतर तोच पेच अधिक कठीण होऊन येतो. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडली आहे आणि ती उचलून द्यायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला हात लावायला सांगते. या वेळी भीती नुसत्या हसण्याची नाही, ब्राह्मणवस्तीच्या रोषाची आहे. श्याम पुढे होतो. दोन्ही वेळी ढकलणारा हात आईचाच, पण दोन प्रसंगांच्या मध्ये श्यामच्या लाजेची जागा हळूहळू सरकलेली आहे.

गुरुजींनी इथे कादंबरीकाराचं एक अवघड काम साधलं आहे. श्याम एका रात्रीत सुधारत नाही. एक धडा मिळाल्यावरही तो पुन्हा चुकतो, पुन्हा हट्ट करतो. शहाणपण टिकायला वेळ लागतो, हे त्यांच्यातल्या मास्तराने वसतिगृहातल्या शेकडो मुलांत पाहिलेलं असणार. आणि शेवटी आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो. यापुढे ढकलणारा हात नाही. आश्रमात बसून रात्रीमागून रात्र आईबद्दल बोलणारा, मध्येच कंठ दाटून येणारा मोठा श्याम हे त्या बदलाचं उत्तर आहे.

श्याम म्हणजे गुरुजी अशी सरळ बरोबरी करू नये. पण पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी १ मे १९४७ रोजी प्राणांतिक उपोषण सुरू केलं आणि मंदिर खुलं करून घेतलं, हे ज्याला माहीत आहे त्याला मोळीचा प्रसंग वाचताना ते आठवल्याशिवाय राहत नाही.

जगातल्या मोठ्या कादंबऱ्यांतही हा लाजेचा प्रवास भेटतो. चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला पिप लोहारकामाच्या भट्टीत वाढतो. पैसा मिळून लंडनला गेल्यावर, ज्याने त्याला माया लावली त्या जो गार्जरीची त्याला लाज वाटू लागते. मोठेपणी हीच गोष्ट सांगणारा पिप त्या लाजेने खाली मान घालतो. पिप आणि श्याम यांची जगं फार निराळी आहेत. पण दोघांचाही बदल मोजायचं माप एकच: आधी कशाची लाज वाटत होती आणि नंतर कशाची वाटली.

पांडुरंग: धडा न घेणारा नायक

‘कोसला’ पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली तेव्हा नेमाडे पंचवीस वर्षांचे होते, आणि आपली हकिगत सांगणारा पांडुरंगही पंचविशीतलाच. यमू आणि श्याम यांच्याकडे मागे वळून पाहायला बरीच वर्षं होती. पांडुरंगाकडे ती नाहीत. तेव्हाचा मी आणि आताचा मी यांत जेमतेम काही वर्षांचं अंतर आहे, आणि या कादंबरीचं सगळं वेगळेपण तिथून सुरू होतं.

कथा खानदेशातल्या कुठल्याही घराला ओळखीची वाटेल. गावातला खाऊन-पिऊन सुखी शेतकरी बाप, कडक आणि करारी. मुलगा शिकायला पुण्याला जातो. वसतिगृहात तो सगळ्यांत पुढे. गॅदरिंग, नाटक, मेसचा कारभार, मित्रांचा गोतावळा. हात सैल सुटतो, अभ्यास मागे पडतो, बापाशी पैशांवरून वाजतं. उत्साह हळूहळू ओसरत जातो आणि त्याच्या जागी सगळ्याचा कंटाळा येऊन बसतो.

मग धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते.

एरवीच्या कादंबरीत असा मृत्यू म्हणजे नायकाच्या आयुष्यातलं वळण. तो रडतो, सावरतो, जबाबदार होतो. नेमाड्यांनी पांडुरंगाला हे वळण घेऊ दिलेलं नाही. मनीच्या जाण्याने त्याला काहीही शिकायला मिळत नाही, कारण एवढ्या लहान पोरीच्या मरणातून शिकण्यासारखं काही नसतंच. त्याचा संताप, त्याची असहायता, घरच्यांवरचा राग, सगळं मोकळं पडतं आणि तसंच राहतं. ‘कोसला’तली ही पानं वाचून साठ वर्षांनंतरही वाचक सुन्न होतो तो या प्रामाणिकपणामुळे.

पांडुरंगाला स्वतःकडे पाहायला पुरेसं अंतर मिळत नाही, म्हणून तो ते निरनिराळ्या तऱ्हांनी मिळवू पाहतो. कादंबरीचा एक भाग रोजनिशीचा आहे. तिथे अंतर जवळजवळ शून्य, आजचं आजच लिहिलेलं. दुसरीकडे तो आणि त्याचा मित्र आपल्याच काळाकडे शेकडो वर्षांनंतरच्या इतिहास-संशोधकाच्या थाटात बघतात, जणू कॉलेज, वसतिगृह आणि त्यातली माणसं उत्खननात सापडली आहेत. हे प्रयोग गंमत म्हणून केलेले नाहीत. मी कोण झालो हे कळण्यासाठी किती दूर उभं राहावं लागतं, याचा तो शोध आहे.

शेवटी तो पदवीवाचून गावी परततो. यश नाही, बंडही नाही. पण निघताना जो सांगवीकर होता तोच परतला, असं म्हणता येत नाही. पुण्यात मित्रांच्या घोळक्यात मिरवणारा पांडुरंग आता गावातल्या रिकाम्या माणसांत बसतो, त्यांच्या हकिगती ऐकतो. आपण त्यांच्यापेक्षा काही वेगळे आहोत हा समज गळून पडलेला असतो. ही कादंबरी शंभरांतल्या नव्व्याण्णवांना अर्पण केलेली आहे, ते उगीच नाही. शिकायला बाहेर पडून रिकाम्या हातांनी परतलेल्यांच्या आयुष्यात काही घडलंच नाही असं समाज मानतो. तिथेही माणूस घडत-मोडत असतो, हे मराठीत इतक्या ठासून आधी कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत जे. डी. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ १९५१ साली आली होती. तिच्यातल्या होल्डनशी समीक्षकांनी पांडुरंगाची तुलना अनेकदा केली. धाकट्या भावंडाचा मृत्यू दोघांच्याही मनात सलतो. पण होल्डनच्या मागे गाव नाही, शेत नाही, गादी सांभाळ म्हणणारा बाप नाही. पांडुरंगाचा पेच खानदेशाचा आहे.

पुढचे दोघे

नेमाड्यांनी नंतर ‘मी’ सोडला. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या १९७५ ते १९७९ दरम्यान आलेल्या चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक गावोगावच्या कॉलेजांत बिऱ्हाड हलवत फिरतो. इथे सांगणारा तिऱ्हाईत आहे, त्यामुळे मागे वळून कबुली देण्याची सोय चांगदेवला नाही. त्याच्यातला बदल वाचकाने त्याच्या वागण्यातून ताडायचा. कुठलं भांडण तो आता टाळतो, कुठली नोकरी सोडतो, कुठली तडजोड गिळतो, यातून.

२०१० साली ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ आली. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. वडिलांच्या अखेरच्या आजाराने त्याला मोरगावी परत ओढलं आहे. बापाच्या धाकातून सुटू पाहणारा पांडुरंग आणि बापामागे उरलेल्या वारशाच्या ढिगासमोर उभा असलेला खंडेराव, या दोघांना एकापाठोपाठ वाचलं की एकाच लेखकाच्या नायकाने सत्तेचाळीस वर्षांत किती मजल मारली ते दिसतं. पांडुरंगासाठी घर हे ओझं होतं. खंडेरावासाठीही ते ओझंच आहे, पण त्यातली एकेक वस्तू उचलून निरखावीशी वाटण्याइतका तो आता थांबतो. नेमाड्यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्यामागे हा सगळा पल्ला आहे.

वाचताना काय पाहावं

शाळा-कॉलेजांत मात्र अजूनही ‘व्यक्तिरेखा रेखाटा’ हाच प्रश्न येतो आणि गाइडातलं उत्तर विशेषणांची माळ असतं. श्याम संवेदनशील, मातृभक्त, प्रामाणिक. यमू सोशिक. पांडुरंग उदास, एकाकी. ही विशेषणं खोटी नाहीत, पण ती पात्राला एका जागी खिळवून टाकतात. प्रामाणिक श्यामने पैसे चोरले होते, सोशिक यमूच्या लेखणीत शेवटी जाब विचारण्याची धार आली होती, आणि उदास पांडुरंग पहिल्या वर्षी वसतिगृहातला सर्वांत हौशी पोरगा होता, हे त्या उत्तरात कुठेच येत नाही.

त्याऐवजी शिक्षकांनी मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात. सारखाच प्रसंग पुस्तकात पुन्हा कुठे येतो आणि पात्र त्या वेळी कसं वागतं? सांगणारा आपल्याच जुन्या रूपाबद्दल कुठे रागाने, कुठे मायेने, कुठे शरमेने बोलतो? आणि जिथे पात्र बदलायला हवं होतं असं आपल्याला वाटतं, तिथे ते बदलत नाही, असं कुठे झालं आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आणि सर्वांत जास्त काही शिकवणारा आहे.

खानदेशातून आजही दरवर्षी हजारो मुलं-मुली शिक्षणासाठी, स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याची गाडी धरतात. त्यांतल्या प्रत्येकाच्या पिशवीत एक ‘कोसला’ असावी, आणि जोडीला ‘श्यामची आई’ व ‘पण लक्षात कोण घेतो?’ही असाव्यात. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी ही तीन पुस्तकं एकत्र वाचण्याचा उपक्रम निदान एका वर्षासाठी तरी हाती घ्यावा. तिन्ही पुस्तकं बाजारात सहज मिळतात, आणि तिन्ही लेखकांचं नातं जळगाव जिल्ह्याशी आहे.